डावा हात उजव्याच्या मागे पळतो, पियानोवाल्यांनो काहीतरी सांगा

पेटीवाला_अमळनेर | ७ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अमळनेरचा, वय ४३, बियाण्या-खतांचं दुकान आहे. भजनी मंडळात पंधरा-सोळा वर्षं पेटी वाजवतोय त्यामुळे सूर, ताल, पट्ट्या याची ओळख आहे, अगदीच कोरा नाही. मार्चमध्ये नाशिकहून एक सेकंडहँड डिजिटल पियानो आणला, ८८ पट्ट्यांचा, जड पट्टीवाला. घरात सगळे म्हणाले आता हे काय नवीन, पण लहानपणापासूनची हौस होती, तर म्हटलं आत्ता नाही तर कधी.

उजवा हात आठवड्याभरात रुळला. नोटेशन व्हिडिओ बघून बघून थोडंफार वाचता येतंय. सध्या ते प्रसिद्ध मिन्युएट इन जी घेतलंय. उजवा एकटा मस्त. डावा एकटा पण मस्त, त्यात आहेच काय, दोन-चार सूर. पण दोन्ही एकत्र आणले की राडा. पहिल्याच बारमध्ये (म्हणजे तीन मात्रांच्या तुकड्यात) डाव्याने सुरुवातीला कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले दोन-तीन सूर, धरून ठेवायची आणि तिसऱ्या मात्रेला ए वाजवायचा, एवढंच काम. पण उजवा दुसऱ्या मात्रेला जी-ए-बी-सी पळायला लागला की डाव्याला पण चेव येतो आणि तो त्याच्याबरोबरच दुसऱ्या मात्रेला उडी मारतो. डाव्याला दाबून धरलं तर उजवा थांबतो. तीन आठवडे एकाच बारमध्ये अडकलोय आणि बार म्हणजे तो बार नाही हे बायकोला दोनदा सांगून झालंय.

दोन्ही हात वेगळे करायची काही पद्धत असते का? की हे लहानपणीच शिकायचं असतं आणि माझी गाडी सुटली?

भुसावळ_जंक्शन | ७ जून, रात्री ११:३२

गाडी सुटली नाही भाऊ, गाडी भुसावळपर्यंत आलीय. इथपर्यंत सगळे डबे एकाच रुळावर असतात, इथून पुढे एक लाइन खंडव्याला जाते आणि एक नागपूरला. तुमच्या दोन्ही हातांना नागपूरला जायचंय हा प्रॉब्लेम आहे.

(मला पियानोतलं काही कळत नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

निंबाचा_पार | ८ जून, सकाळी ७:०५

मन्हा बी तेच हाल शेतस भो. तू एकला नही.

मी धुळ्याकडचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं कीबोर्ड वाजवला. हळदीला अहिराणी गाणी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. लोक म्हणायचे काय हात आहे. खरं सांगू का, हात एकच होता. डाव्याने फक्त कॉर्ड दाबून धरायची, ढोलक, बास, सगळं ते मशीनच वाजवतं, स्टाईलचं बटण दाबलं की झालं. मागच्या वर्षी पुतण्याच्या पियानोवर बसलो, स्टाईलचं बटण नाही, आणि डावा हात असा बावळटासारखा पडून राहिला जसा काही पहिल्यांदाच लग्नाला आलाय. त्यामुळे उत्तर मलाही पाहिजे, धागा वाचनखुणेत टाकलाय.

काळी_पांढरी | ८ जून, दुपारी २:२०

मी जळगावची, सध्या पुण्यात असते आणि पियानो शिकवते. मोठ्या वयात सुरू करणारे बरेच येतात माझ्याकडे आणि जवळजवळ प्रत्येकाची तक्रार हीच असते, तेव्हा आधी घाबरणं बंद करा.

दादा, एक प्रयोग करा, पियानो लागत नाही. दोन्ही हातांच्या मुठी टेबलावर ठेवा, फक्त तर्जन्या पुढे. आता दोन्ही बोटं एकाच दिशेने हलवा, दोन्ही डावीकडे मग दोन्ही उजवीकडे, गाडीचे वायपर हलतात तशी. हळूहळू वेग वाढवा. एका वेगाला बोटं आपोआप फितूर होतात आणि आरशासारखी हलायला लागतात, दोन्ही आत, दोन्ही बाहेर. तुम्ही कितीही ठरवलं तरी. स्कॉट केल्सो नावाच्या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे नीट मोजून दाखवलं. म्हणजे हात एकमेकांच्या मागे पळणं ही तुमची चूक नाही, मेंदूचा तो स्वभावच आहे. आणि दुसरी गोष्ट लक्षात घ्या की हळू असताना बोटं ऐकत होती. वेग वाढला तेव्हा बिघडलं. यातच निम्मं उत्तर आहे.

म्हणून मी मुलांना दोन्ही हातांनी स्केल शिकवताना आधी उलट्या दिशेने देते. दोन्ही अंगठे मधल्या सी वर, उजवा वर जातो, डावा खाली. दोन्हीकडे एकाच वेळी तेच बोट येतं, अंगठ्याबरोबर अंगठा, तिसऱ्याबरोबर तिसरं. शरीराला हे पटतं. एकाच दिशेने जायला लागलात की उजव्याचा अंगठा तिसऱ्या बोटाखालून एफ वर जातो आणि डाव्याचं तिसरं बोट अंगठ्यावरून ए वर, दोघांचा यू-टर्न वेगवेगळ्या सुरावर, आणि लोक बरोबर तिथेच आपटतात. दिसायला सोपं दिसतं ते अवघड असतं आणि उलट.

सातपुडा_४५ | ८ जून, संध्या. ६:४०

ताईंशी सहमत. थोडी भर. उजवा हात मेंदूचा डावा भाग चालवतो, डावा हात उजवा भाग, आणि दोन्हींच्या मध्ये कॉर्पस कॅलोसम नावाचा मज्जातंतूंचा जाड पूल असतो. १९९५ मध्ये श्लाउग आणि सहकाऱ्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात ज्यांनी सात वर्षांच्या आत संगीत शिकायला सुरुवात केली अशा वादकांमध्ये या पुलाचा पुढचा भाग मोठा आढळला.

पेटीवाला_अमळनेर | ८ जून, रात्री १०:५०

म्हणजे गाडी सुटलीच की हो. सात वर्षांचा असताना मी बोरीच्या पात्रात खेळत होतो.

बोटांचा प्रयोग दुकानात केला, चार गिऱ्हाइकांनी पण केला, सगळ्यांची बोटं फितूर झाली. एकजण म्हणाला शेठ बियाणं द्या आधी.

सातपुडा_४५ | ८ जून, रात्री ११:१५

अहो नाही, तसं म्हणायचं नव्हतं मला. पूल मोठा म्हणजे लहानपणी सुरू केलेल्यांना फायदा, पण मोठ्यांना जमतच नाही असं त्यातून निघत नाही. चाळिशीत लोक गाडी चालवायला शिकतात, क्लच एका पायाने, अ‍ॅक्सिलरेटर दुसऱ्याने, गिअर हाताने. पहिल्या दिवशी तिथेही हेच होतं.

मेहरुणची_बोर | ९ जून, सकाळी ११:००

माझी मुलगी जळगावातच शिकते, ट्रिनिटीची इनिशियल ग्रेड, म्हणजे पहिली परीक्षा, देतेय. तिच्या क्लासमध्ये हॅनॉनचे बोटांचे व्यायाम करून घेतात रोज वीस मिनिटं, म्हणतात याने हात स्वतंत्र होतात. पेटीवाला दादांनी ते करून बघावं का?

काळी_पांढरी | ९ जून, दुपारी ३:१०

ताई, कुणाच्या क्लासबद्दल बोलत नाही, पण हॅनॉनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. १८७३ चं पुस्तक, ६० व्यायाम. बोटांची ताकद, सगळ्या बोटांचा आवाज सारखा येणं, यासाठी वापरतात, ठीक आहे. पण उघडून बघा, डावा हात तेच सूर वाजवतो जे उजवा वाजवतो, फक्त एक सप्तक खाली. दोन्ही हात एकाच तालात एकाच दिशेला. मग वेगळं होण्याची सवय कुठून लागणार? उलट दोघांची गाठ अजून पक्की.

मेहरुणची_बोर | ९ जून, दुपारी ३:४५

पण ताई सगळीकडे तर हेच सांगतात. इतके लोक चुकीचे कसे असतील.

काळी_पांढरी | ९ जून, संध्या. ५:३०

चुकीचे नाहीत, औषध वेगळ्या दुखण्याचं आहे. हातांच्या वेगळेपणासाठीच पुस्तक हवं असेल तर बार्टोकचं मिक्रोकॉसमॉस बघा. १५३ तुकडे, सहा भाग, सोप्यापासून अवघडपर्यंत. पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पेटरला अर्पण केलेत. सुरुवात दोन्ही हात एकच धून वाजवतात इथूनच होते, मग उलट दिशा येते, मग एक हात थांबतो तेव्हा दुसरा चालतो, मग एक हात दुसऱ्याची नक्कल उशिराने करतो. पायरी-पायरीने गाठ सोडवत नेलीय.

डग्गा | ९ जून, रात्री ९:२०

मी शिरपूरचा, तबला वाजवतो, पियानोला आयुष्यात हात लावलेला नाही, तरी नाक खुपसतोय.

हात वेगळे करणे हा शब्दच मला पटत नाही. तबल्यावर आम्ही हात कधीच वेगळे करत नाही. उजव्याने ना, डाव्याने गे, आणि दोन्ही एकत्र पडले की त्याला तिसरंच नाव, धा. आता धा म्हणताना कुणी डोक्यात ना अधिक गे अशी बेरीज करत नाही. तो एक बोल आहे. दोन हातांचा मिळून एकच ठेका असतो आणि तो आधी तोंडाने म्हणायचा, मग हाताने. माझे गुरुजी तोंडाने आल्याशिवाय तबल्याला हात लावू द्यायचे नाहीत.

पेटीवाले भाऊ, तुमचा तो अडकलेला बार मला मात्रा मोजून लिहून द्या, कुठे उजवा, कुठे डावा, कुठे दोन्ही. सूर नकोत.

पेटीवाला_अमळनेर | ९ जून, रात्री ११:०५

तीन मात्रांचा बार आहे. उजवा: पहिल्या मात्रेला एक सूर, दुसऱ्या मात्रेत दोन, तिसऱ्या मात्रेत दोन. डावा: पहिल्या मात्रेला कॉर्ड, ती दोन मात्रा धरून ठेवायची, तिसऱ्या मात्रेला ए.

डग्गा | ९ जून, रात्री ११:२०

म्हणजे अर्ध्या अर्ध्या मात्रा धरल्या तर सहा खाने झाले. घ्या:

धा ऽ ना ना धा ना

झाला तुमचा ठेका. पहिला धा दोन्ही, मग एक खाना रिकामा, मग ना ना फक्त उजवा, पाचव्यावर पुन्हा धा, दोन्ही, आणि शेवटचा ना उजवा. तुम्ही काय करताय, तर तिसऱ्या खान्यातल्या ना चा धा करताय. पियानो बंद ठेवा, मांडीवर वाजवा, तोंडाने म्हणत. शंभर वेळा म्हणा. मग बघू डावा कुठे जातो.

निंबाचा_पार | १० जून, सकाळी ६:५०

ओ भो, हा तं दादराच्या वजनाचा निघाला.

काळी_पांढरी | १० जून, दुपारी १:००

डग्गा, तुम्ही माझ्या क्लासला येता का शिकवायला? मी हीच गोष्ट वर्षानुवर्षं "दोन्ही, उजवा, उजवा, दोन्ही, उजवा" असं म्हणून करून घेते, पण बोल किती सुटसुटीत आहेत. धा ऽ ना ना धा ना. आजपासून चोरलं.

आणि तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. इंग्रजी पुस्तकांत हातांचं स्वातंत्र्य अशा अर्थाचा शब्द असतो आणि विद्यार्थी बिचारे स्वातंत्र्य शोधत बसतात. उजवा आपोआप चालेल, मग मी डाव्याकडे बघेन, असं. तसं होत नाही. बसतो तो दोघांचा मिळून एक नकाशा. म्हणूनच दोन्ही हात वेगवेगळे शंभर टक्के पक्के करूनही एकत्र आणल्यावर कोसळतं, कारण एकत्र हा तिसरा धडा आहे आणि तो तुम्ही अजून शिकलेलाच नसता. दादा, तुम्ही तीन आठवडे पहिले दोन धडेच गिरवले असणार.

पेटीवाला_अमळनेर | १० जून, रात्री ११:४०

ताई, अगदी हेच. रोज अर्धा तास उजवा, अर्धा तास डावा, आणि शेवटी पाच मिनिटं दोन्ही, ती पण चिडचिड करत. मांडीवर सुरू केलंय. सध्या कपाशीच्या बियाण्याची गर्दी आहे, दुकानातच काउंटरवर वाजवतो. पोरगा म्हणतो पप्पा तुम्हाला काय झालंय.

तापीकाठची_सून | ११ जून, दुपारी १२:१५

मी संगीतातली नाही. पण भाकरी थापताना एक हात थापतो आणि दुसरा कड सांभाळत फिरवतो, बोलणं चालू, चुलीकडे लक्ष चालू. मला कुणी उजवा वेगळा डावा वेगळा शिकवला नव्हता. आणि मांडे करणारीला बघा कधी, पुरणाचा एवढा मोठा मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करते आणि उलट्या खापरावर टाकते, त्या हातांना कुणी सांगितलंय की तू वेगळा हो.

भुसावळ_जंक्शन | ११ जून, दुपारी १२:३०

मांड्यांचा विषय निघाला, आता धाग्याचा काश्मीर होणार. बरं रस आहे का सोबत?

मेहरुणची_बोर | ११ जून, दुपारी १२:५०

जूनमध्ये कसला रस, संपला आंबा. आणि भाकरी पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही हो ताई, माझ्या पहिल्या भाकरीचा नकाशा श्रीलंकेसारखा होता. अवांतर पुरे.

डग्गा | ११ जून, रात्री ९:००

अवांतर नाही ते, मुद्द्याचं आहे. दोन्ही हातांचं मिळून एक काम. पण पेटीवाले भाऊ, मला तुम्हाला एक विचारायचंय. पेटीवर तुमचा डावा हात काय करतो?

पेटीवाला_अमळनेर | ११ जून, रात्री ११:३०

भाता.

डग्गा | ११ जून, रात्री ११:३४

आणि तो उजव्याच्या मागे पळतो का?

पेटीवाला_अमळनेर | १२ जून, रात्री १२:२५

हा प्रश्न वाचून तासभर गच्चीवर बसलो होतो, झोप उडवली तुम्ही.

नाही पळत. पण पळायचा. पेटी शिकायला लागलो तेव्हा प्रत्येक सुराला भाता मारायचो. बोट पडलं की भाता, बोट पडलं की भाता. आवाज असा हिसके देत यायचा. आमचे बुवा ओरडायचे, अरे भाता म्हणजे श्वास आहे, तू काय प्रत्येक अक्षराला श्वास घेतो का. आणि मग त्यांनी काय केलं तर सहा-सात दिवस उजव्या हाताने फक्त सा धरून ठेवायला लावला आणि डाव्याने भाता, आवाज वर-खाली न होता. मग एक सूर बदलायचा. मग दोन. मग वर तोंडाने अभंग म्हणायचा. तोंडाने म्हणायला लागलो तेव्हा भाता कधी सुटा झाला ते कळलंच नाही. आज मी पेटी वाजवत गातो, समोर पखवाज्याला डोळ्याने खूण करतो आणि भाता चालू असतो, भात्याकडे माझं लक्ष सुद्धा नसतं.

म्हणजे हे मी एकदा करून बसलोय की.

काळी_पांढरी | १२ जून, सकाळी १०:१०

दादा, बुवांनी तुम्हाला जे केलं तेच मी करते, एक हात जवळजवळ रिकामा ठेवायचा आणि दुसऱ्यावर भार थोडा थोडा वाढवायचा. फक्त एक फरक लक्षात ठेवा. पेटीवर सूर भात्याने जिवंत राहतो, पियानोवर पट्टी दाबली की सूर जन्मतो आणि लगेच विझायला लागतो. पेटीवाले पट्टीवर जोर देऊन सूर धरायला बघतात, मनगट कडक होतं आणि कडक हात शेजारच्या हाताला लवकर ओढतो. मिन्युएटमध्ये डाव्याने कॉर्ड धरायचीय म्हणजे दाबायची नाहीये, हात पट्टीवर झोपवायचा. मनगट किंवा खांदा दुखला तर तिथेच थांबा, त्या दिवशी पुढे नाही.

मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर. त्यातही चुकत असेल तर ४०. लाज वाटायला लागेल इतका हळू. आणि एक बार अधिक पुढच्या बारचा पहिला सूर, एवढाच तुकडा, कारण बारच्या भिंतीशी थांबायची सवय लागली की ती निघता निघत नाही.

तो बसला की मग गंमत करा: डावा अगदी हळू आवाजात, उजवा मोठ्याने. मग उलट. मग उजवा तुटक, डावा सलग. मग उजव्याची धून तोंडाने गा आणि हाताने फक्त डावा. गाणाऱ्याला हे शेवटचं सोपं जाईल, तुमची भजनाची पंधरा वर्षं इथे कामी येतील.

निंबाचा_पार | १४ जून, रात्री १:३०

ताई, शंका. पुतण्या डेब्युसीचं पहिलं अराबेस्क वाजवायला बघतोय, त्यात उजवा तीन आणि डावा दोन असा प्रकार आहे. एकाच मात्रेत. मी म्हटलं हे तं शक्यच नाही.

काळी_पांढरी | १४ जून, सकाळी ११:००

शक्य आहे, आणि डग्गांच्याच पद्धतीने. पुन्हा सहा खाने. तीनवाला १, ३, ५ वर पडतो. दोनवाला १ आणि ४ वर. डग्गा, लिहा.

डग्गा | १४ जून, सकाळी ११:२०

धा ऽ ना गे ना ऽ

अरे वा. हा वाजवायला गोड आहे.

निंबाचा_पार | १४ जून, सकाळी ११:४५

डग्गा भाऊ, आम्ही ऑर्केस्ट्रावाले, आम्हाला बोल येत नाहीत, काहीतरी खाण्या-पिण्याचं सांगा.

डग्गा | १४ जून, सकाळी ११:५८

शेऽव भाजीऽ.

शे लांब, व छोटा, भा छोटा, जी लांब. शे वर दोन्ही हात, व वर उजवा, भा वर डावा, जी वर उजवा. न थांबता म्हणत राहा, शेऽवभाजीऽ शेऽवभाजीऽ. टेबलावर वाजवून बघा.

भुसावळ_जंक्शन | १४ जून, दुपारी १२:१०

मी पियानोतलं काही कळत नाही म्हणणारा माणूस, आत्ता ऑफिसच्या टेबलावर तीन विरुद्ध दोन वाजवला आणि मला तो आला!!! साहेब बघत होते. आज जेवायला शेवभाजीच, तर्रीवाली.

मेहरुणची_बोर | १४ जून, दुपारी १:३०

मुलीला शिकवलं, दहा मिनिटांत आलं. ती विचारते तीन विरुद्ध चार साठी कोणती भाजी.

तापीकाठची_सून | १४ जून, दुपारी ४:००

डग्गा भाऊंनी खाने सांगितले तर मी बसवते.

डग्गा | १४ जून, दुपारी ४:३०

बारा खाने. चारवाला १, ४, ७, १० वर. तीनवाला १, ५, ९ वर. म्हणजे ठोके पडतात १, ४, ५, ७, ९, १० वर. लांबी ३, १, २, २, १, ३. सहा अक्षरं पाहिजेत.

तापीकाठची_सून | १४ जून, संध्या. ६:१५

मांऽऽडे पुऽरऽणाचेऽऽ

मां तीन, डे एक, पु दोन, र दोन, णा एक, चे तीन. फक्त बोलताना पुर्णाचे म्हणतो तसं नाही म्हणायचं, पु आणि र सुटे. मोजून घ्या.

काळी_पांढरी | १४ जून, रात्री ८:००

मोजलं. बरोबर आहे. मी नि:शब्द. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

खानापूर_रावेर | २ जुलै, रात्री ९:१५

उशिरा आलो धाग्यावर. मले तं हे सगळं वाचून वाटते की आपण उगाच अवघड करून राहिलो. मी यूट्यूब बघून फर एलीसचा पहिला भाग दोन महिन्यात बसवला, दोन्ही हातांनी, मले काहीच त्रास झाला नाही. काबरं एवढं डोकं लावायचं?

काळी_पांढरी | २ जुलै, रात्री १०:००

अभिनंदन. पण नीट बघा, त्या भागात दोन्ही हात एकत्र फार कमी वाजतात. डावा तीन सूर वर चढवतो आणि उजव्याच्या हातात देतो, उजवा पुढे नेतो. खो-खो आहे तो, एक बसला की दुसरा उठतो. म्हणून तर नवशिक्यांना आवडतो. सुंदर आहे, वाजवाच, पण तेवढ्यावरून हात सुटे झाले असं समजू नका. मग बाखच्या पंधरा दोन-आवाजी इन्व्हेन्शनपैकी एखादं घ्या. १७२३ ची प्रत आहे, शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली. आठवं एफ मेजर घ्या, उजवा जे वाजवतो तेच डावा एक बार उशिराने वाजवत मागे लागतो, आणि तोपर्यंत उजवा दुसरीकडेच निघून गेलेला असतो. तिथे डाव्याला साथीदार म्हणून चालत नाही.

खानापूर_रावेर | २ जुलै, रात्री १०:४०

बघितलं ताई. पहिल्या दोन ओळी बघून पियानोवर कापड टाकलं.

सातपुडा_४५ | ३ जुलै, सकाळी ८:२०

डाव्याला कमी समजणाऱ्यांसाठी: पाउल विटगेनस्टाइन नावाचा पियानोवादक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला. त्याच्यासाठी राव्हेलने फक्त डाव्या हाताची कॉन्चेर्तो (ऑर्केस्ट्रासोबत एका वादकाची रचना) लिहिली, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा आणि इकडे एकटा डावा. ऐकताना डोळे मिटले तर एक हात आहे हे कळत नाही.

पेटीवाला_अमळनेर | १९ जुलै, रात्री ११:५०

मधे पेरणी, मग दुबार पेरणीची भीती, मग युरियाची रांग, पियानोवर धूळ बसली होती. पण काउंटरवरचा ठेका सोडला नव्हता. सांगायचं म्हणजे परवा रात्री पहिला बार बसला. मेट्रोनोम ४४. डावा तिसऱ्या मात्रेपर्यंत गप्प बसला आणि बरोबर बी च्या खाली ए पडला. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं चुकून झालं. मग पुन्हा केलं. मग वीस वेळा केलं. त्या रात्री वेग वाढवायला गेलो तर पुन्हा सगळं कोसळलं, वैतागून झोपलो, आणि सकाळी चहाच्या आधी सहज बसलो तर ५६ ला आलं. हे कसं झालं ते कळलं नाही.

सातपुडा_४५ | २० जुलै, सकाळी ७:४५

झोपेत मेंदू हाताच्या हालचाली पक्क्या करतो. म्हणून रोज वीस मिनिटं आणि झोप हे रविवारी तीन तासांपेक्षा भारी.

डग्गा | २० जुलै, सकाळी ८:३०

धा!

पेटीवाला_अमळनेर | १४ ऑगस्ट, रात्री १०:२०

घरी कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसली होती, पाहुणे होते, रोट झाले, आणि आईने सगळ्यांसमोर सांगितलं की ते तुझं नवीन वाजव. मंडळातले बुवा पण आलेले, आता सत्तरी पार आहेत. मी म्हटलं सातच बार येतात. म्हणाले सात वाजव.

वाजवले. डावा एकदाही पळाला नाही. बुवा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या डाव्या हाताकडे बघत होते, शेवटी म्हणाले, "भाता सुटला तुझा."

आता नवीन अडचण, म्हणूनच लिहायला बसलो. आठव्या बारमध्ये उलटं आहे. तिथे उजव्याने एकच सूर पूर्ण बारभर धरायचा आणि डाव्याने धावायचं. डावा धावतो हो, आता तो ऐकतो. उजवा बसत नाही. पंधरा वर्षं पेटीवर तो कधी स्वस्थ बसलेलाच नाही, काही ना काही वाजवतोच मधे. ताई, डग्गा भाऊ, आता या उजव्याचं काय करू?

डग्गा | १४ ऑगस्ट, रात्री १०:४१

धा ऽ गे गे गे गे

मांडीवर. शंभर वेळा. आणि उजवा हात बुवांच्या हातात द्या धरायला.